वेस्टमीडला लेकीकडे: एकच पार्क, सहा दिवस

लेक सिडनीला असते असं आपण सगळ्यांना सांगतो, पण खरं ती राहते वेस्टमीडला, मेन शहरापासून ट्रेननं अर्धापाऊण तास आत. आपल्याकडे डोंबिवली म्हणजे मुंबईच म्हणतात ना तसंच. आजूबाजूला इतकी आपली माणसं की पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये कुणीतरी "कुठून आलात?" असं मराठीत विचारलं. ऑपेरा हाऊस, ब्लू माउंटन हे सगळं पुढच्या आठवड्यात जावयांच्या सुट्टीत ठरलेलं. त्याआधीचे सहा दिवस आम्ही दोघं, साडेचार वर्षांचा नातू आणि घरापासून पंधरा मिनिटांवरचं पॅरामॅटा पार्क. त्या सहा दिवसांचं लिहून ठेवते, कारण फोटो सगळ्यांनी ऑपेरा हाऊसचेच मागितले आणि मला सांगायचंय ते या नदीकाठाचं.

शुक्रवार

सिडनीचं घड्याळ ऑक्टोबरमध्ये आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढं असतं, त्यामुळे इथले रात्रीचे तीन म्हणजे सांगलीचे साडेनऊ. झोप येणार कशी. दोघंही टक्क जागे आणि तेवढ्यात बाहेर कोकीळ ओरडायला लागला. खरंच कोकीळ! तीच चढत जाणारी कुऊ, कुऊ, कुऊ. मी ह्यांना म्हटलं, "अहो ऐकताय का?" हे म्हणाले, "ऐकतोय, आधी वाटलं स्वप्नातच आहे." सकाळी लेकीनं सांगितलं की इथला कोकीळ आपल्याच कोकिळेचा अगदी जवळचा भाऊबंद, सप्टेंबर-ऑक्टोबरला उत्तरेकडून न्यू गिनीच्या बाजूनं इकडं येतो, रात्रभर ओरडतो आणि लोक झोपमोड होते म्हणून वैतागतात. अंडी इथंही दुसऱ्याच्याच घरट्यात. मला मात्र त्या रात्री फार बरं वाटलं, इतक्या लांब येऊन पहिली हाक ओळखीची आली.

उठायला साडेदहा झाले. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून पार्कात गेलो. ८५ हेक्टर म्हणजे दोनशे एकरांच्या वर जागा, मधून पॅरामॅटा नदी वळणं घेत जाते, काठानं निलगिरीची उंच पांढऱ्या खोडाची झाडं आणि नीलमोहर नुकता फुलायला लागलेला, खाली गवतावर जांभळा सडा. नदी आपल्या कृष्णेपुढं काहीच नाही, रुंदीनं एखादा मोठा ओढाच म्हणा. पण पाण्याच्या कडेला जाताना माझा हात आपोआप नातवाच्या कॉलरवर गेला. आमच्याकडे भिलवडी-औदुंबरच्या बाजूला मगरी, लहानपणापासून पाणवठ्याला जाताना आधी पाण्याकडं बघायची सवय. लेक म्हणाली, "आई इथं मगर नाही, मगरी वर उत्तरेला, क्वीन्सलँडकडं." तरी कॉलर काही मी सोडली नाही.

ह्यांची नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. पावसाळ्यात घरी फोन वाजला की सगळ्यांचा एकच प्रश्न, आयर्विन पुलाला पाणी किती? सांगलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको, ४० फूट इशारा, ४५ धोका, आणि २०१९ ला ५७ च्या पुढं गेलं तेव्हा आमच्या गल्लीत बोट फिरली. तर हे नदीशी आले आणि पहिलं काम काय केलं, तर काठावर पाण्यात उतरत गेलेले दगड मोजले. वरून तिसऱ्या दगडाच्या खालच्या कडेला पाणी टेकलेलं. खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं, तारीख, वेळ, "तिसरा दगड, खालची कड". नातवानं विचारलं हे काय करताय. म्हणाले, "नदीचा ताप बघतोय." झालं, तिथून पुढं रोज हे दोघं ताप बघायला.

शनिवार

सकाळी पार्करन. जावई दर शनिवारी पळतात, आम्हालाही नेलं. पाच किलोमीटर, पैसे नाहीत, एकदा ऑनलाईन नाव नोंदवलं की बारकोड मिळतो तो आयुष्यभर चालतो. हे २००४ साली लंडनजवळच्या एका पार्कात तेरा लोकांनी सुरू केलं आणि आता जगभर चालतं. मला वाटलेलं पळणाऱ्यांचं काम, आपण बाकावर बसू. पण चालणारेही खूप होते, बाबागाडी ढकलत आया, एक आजोबा काठी घेऊन, आणि सगळ्यांच्या मागं एक स्वयंसेवक फक्त शेवटच्या माणसासोबत चालायला. म्हणजे शेवटी कोण राहिलं याची कुणाला चिंताच नाही, शेवटचा नंबर त्याचाच. मी साडीवर बूट घालून निघाले, घरी तसंच तर चालते मी, आणि पूर्ण केलं. शेवटी अनोळखी बायका टाळ्या वाजवत होत्या. ५८ व्या वर्षी टाळ्या मिळाल्या, डोळ्यात पाणी आलं हे खरं सांगते.

येताना एक प्रकार झाला. नातू स्कूटरवर पुढं होता आणि झाडावरून एक काळापांढरा पक्षी सूऽऽ करून त्याच्या डोक्यावरून गेला, परत वळला आणि पुन्हा आला. मॅगपाय. वसंतात यांची पिल्लं घरट्यात असतात, तेव्हा नर घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतो, सायकलवाल्यांवर तर जास्तच. काही लोक हेल्मेटला प्लॅस्टिकच्या काड्या उभ्या बांधून फिरतात ते याच्यासाठी. पोराच्या डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून निभावलं. मी छत्री उघडून त्याच्यावर धरली आणि शांत चालत निघालो, पळायचं नाही म्हणे. पोरगं रडायच्या बेतात होतं, मी सांगितलं तुझी आई पण तुझ्यासाठी अशीच कुणाच्याही अंगावर जाईल. त्याला पटलं.

दगड: तिसराच, कड तीच.

रविवार

दुपारी पार्कात जेवण. इथल्या पार्कांत इलेक्ट्रिक बार्बेक्यू असतात, स्टीलचा मोठा सपाट तवा सिमेंटच्या ओट्यात बसवलेला, बटण दाबलं की तापतो, फुकट. लोक त्यावर मांस भाजतात, लेक म्हणाली आपण फॉइल टाकून पनीर करू. मी घरून भाजणी नेलेली, सांगलीहून आणलेली. मी म्हटलं एवढा मोठा तवा आणि पनीर? आधी तवा गरम पाणी नि कागदानं तीनदा पुसून काढला, मग त्यावर फॉइल, फॉइलला तेल, आणि ओल्या फडक्यावर थापलेली थालीपीठं एकावेळी चार. तवा मध्ये जास्त तापतो आणि कडेला कमी, त्यामुळे दोन मिनिटांनी मधली कडेला आणि कडेची मध्ये सरकवायची. भोकं पाडून तेल सोडलं आणि कांद्याचा नि भाजणीचा वास सुटला तशी शेजारच्या ओट्यावरची लेबनीज बाई येऊन उभी राहिली. तिला एक दिलं दह्याबरोबर. तिनं परत जाऊन भोपळ्याएवढ्या भांड्यातून कोशिंबीर आणली, अजमोद्यासारखी बारीक चिरलेली पाती नि लिंबू. भाषा आम्हा दोघींची तुटकी, पण तीळ कुठल्या डब्यात ठेवते ते सुद्धा तिनं मला सांगितलं.

आणि पांढरे शराटी! आपल्याकडे दलदलीत दिसतो तो काळ्या डोक्याचा बाकदार चोचीचा, त्याचाच भाऊ इथं टेबलाभोवती फिरतो, कचऱ्याच्या पेटीत मान घालतो. इथली माणसं त्याला कचराकोंबडी म्हणतात. मला नाही आवडलं ते नाव. याची मूळची जागा आतल्या भागातल्या पाणथळी, तिथं पाणी राहिलं नाही म्हणून तो शहरात आला, मग तो पोट कुठं भरणार. साळुंक्या पण दिसल्या, आपल्याच, पिवळ्या चोचीच्या. त्या १८६० च्या दशकात मुद्दाम आणून सोडल्या होत्या किडे खातील म्हणून, आता इथल्या पक्ष्यांच्या घरट्याच्या ढोल्या बळकावतात म्हणून त्यांना हाकलतात. दोष त्यांना आणणाऱ्याचा.

पण दिवस खरा झाला तो संध्याकाळी.

नदीच्या एका वळणावर झाडांवर वटवाघळं आहेत. दुपारी लांबून बघितली तेव्हा वाटलं झाडाला काळ्या पिशव्या बांधल्यात, हजारोंनी. जवळ गेलो तर आवाज, कुरबुर, भांडणं, आणि तो वास, आपल्याकडं जुन्या वडाखाली येतो तसाच उग्र. ही राखाडी डोक्याची जात, गळ्याभोवती तांबूस लोकरीची पट्टी, चेहरा कोल्ह्याच्या पिल्लासारखा. पंख पसरले की जवळजवळ एक मीटर. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे यांच्या बाळंतपणाचे दिवस. दुर्बिणीतून (जावयांची) एक आई दिसली, उलटी लटकलेली, पंखाची शाल गुंडाळलेली, आणि शालीच्या कडेतून बोटभर एवढं डोकं बाहेर. ती मधेच पंख उघडायची, पिल्लाला चाटायची, परत झाकायची. पहिले तीन-चार आठवडे ती पिल्लाला पोटाशी घेऊनच रात्री उडते, नंतर जड होतं तेव्हा झाडावर ठेवून जाते. मी अर्धा तास फक्त तिलाच बघत होते.

सूर्य गेला सातच्या सुमाराला. आधी दोन-चार उठली, नदीवरून चक्कर मारून गेली. मग एकदम सगळी. आकाशात एक पट्टा, काळा, हलता, न संपणारा, आणि आवाज पंखांचा, छत्री झटकल्यासारखा. एका रात्रीत ५० किलोमीटरपर्यंत जातात, निलगिरीच्या फुलांचा मध आणि पराग खायला, आणि त्यातूनच लांब लांबच्या जंगलांत परागीभवन होतं, बिया पसरतात. मधमाशा दिवसाचं काम करतात, ही रात्रीचं. तरी यांची जात धोक्यात आहे, जंगल कमी झालंय आणि ऊन ४२ च्या पुढं गेलं की झाडावरून पटापटा मरून पडतात. पडलेलं वटवाघूळ हातात घ्यायचं नाही अशी सक्त सूचना आहे, चावलं-ओरबाडलं तर रेबीजच्या नात्यातला विषाणू असू शकतो, प्राणी वाचवणाऱ्यांना फोन करायचा. नातवानं ती सूचना मला तीनदा पाठ म्हणून दाखवली.

आपल्याकडं वटवाघूळ म्हटलं की अपशकुन, भूतबाधा. मी पण लहानपणी घाबरायचे. तिथं उभी असताना मात्र डोक्यात एकच, की त्या पोटाशी लटकलेल्या पिल्लांना आता एवढ्या वर वारा लागत असेल.

सोमवार

पाऊस. पार्क बंद नव्हतं पण आम्हीच गेलो नाही. हॅरिस पार्क नावाच्या जवळच्या वस्तीत (नावात पार्क, पण आहे आपल्या लोकांच्या दुकानांची) जाऊन भाजी आणली, कढीपत्त्यापासून कुरमुऱ्यापर्यंत सगळं मिळतं. संध्याकाळी छत्री घेऊन हे एकटेच दगड बघायला. तिसरा बुडाला, पाणी दुसऱ्याच्या मध्यावर, रंग चहासारखा. घरी येऊन इतक्या आनंदानं सांगितलं की लेक म्हणाली बाबांची नोकरी परत लागली.

मंगळवार

जुना इतिहास बघायचा दिवस. पार्काच्या आतच टेकाडावर गव्हर्नरचं जुनं घर आहे, पांढरं, साधं, १७९९ चं, ऑस्ट्रेलियातली सगळ्यात जुनी टिकलेली सरकारी इमारत. २०१० पासून जागतिक वारसा यादीत, कैदी-वसाहतीच्या अकरा ठिकाणांपैकी एक. म्हणजे बांधणारे हात शिक्षा झालेल्यांचे, इंग्लंडहून जहाजात घालून आणलेल्यांचे. सिडनीच्या बंदराजवळची माती पिकाला चांगली नव्हती, उपासमारीची वेळ आली, म्हणून १७८८ मध्येच गव्हर्नर फिलिपनं नदीतून वर येऊन इथं शेती सुरू केली. क्रेसेंट नावाचा गवताचा अर्धचंद्रासारखा उतार आहे, आता तिथं गाण्याचे कार्यक्रम होतात, त्याच बाजूला वसाहतीची सुरुवातीची शेतं होती.

पण शेत म्हणजे मोकळी जागा होती असं नाही. ही जमीन दारुग लोकांची, त्यांतल्या बुरामट्टागल कुळाची. बुरा म्हणजे वाम, लांब सापासारखा मासा, आणि पॅरामॅटा म्हणजे वाम जिथं विसावतात ती जागा. मला हे नाव इतकं आवडलं. एखाद्या राजाचं नाही, साहेबाचं नाही, माशाच्या निजायच्या जागेचं नाव! पार्कात अजून काही जुनी झाडं आहेत ज्यांच्या खोडाची साल त्या लोकांनी होडीसाठी, भांड्यासाठी सोलून काढली होती. लांबट वण, कडा आत वळून जाड झालेल्या, जुनी जखम भरते तशा. झाड मेलं नाही हे बघा. लागेल तेवढीच साल काढली. ते झाड बघताना कुणी बोललं नाही, नातू सुद्धा.

गव्हर्नर ब्रिस्बेन हा खगोलाचा वेडा, त्यानं १८२२ मध्ये घरामागं वेधशाळा बांधली, तिथून ७,३८५ ताऱ्यांची यादी झाली. आता फक्त दुर्बीण टेकवायचे दगड उरलेत. आणि पुढं एक उंच दगडी खांब, १८४७ च्या डिसेंबरात गव्हर्नर फिट्झरॉय स्वतः बग्गी हाकत होता, घोडे उधळले, बग्गी झाडावर आदळली आणि त्याची बायको लेडी मेरी जागीच गेली. त्या वळणावर मी पाणी प्यायला थांबले तर समोर नवरा-बायको सायकल शिकत होते, नवरा मागून सीट धरून पळत होता.

दगड: दुसरा उघडा, तिसऱ्यावर चार बोटं पाणी. "उतरतंय," हे म्हणाले.

बुधवार

हा दिवस ह्यांचा. नातू डेकेअरला, आम्ही दोघंच नदीच्या कडेकडेनं खाली चालत गेलो, पार्कातून बाहेर, स्टेडियमच्या बाजूनं, शहरातून थेट चार्ल्स स्ट्रीटच्या बंधाऱ्यापर्यंत. (स्टेडियमवर खेळणाऱ्या रग्बीच्या टीमचं नावही ईल्स, म्हणजे वामच.) ह्या बंधाऱ्याच्या वर गोडं पाणी आणि खाली खारं, भरती-ओहोटीचं. एका भिंतीच्या दोन बाजूंना नदी आणि समुद्र. खाली लगेच बोटीचा धक्का, तिथून फेरी सिडनीच्या मुख्य बंदरापर्यंत जाते, आणि ओहोटी फार असली की बोट इथवर येत नाही, आधीच्या थांब्यावरून बसनं आणतात. मार्च २०२१ च्या पावसात हा धक्काच पाण्यात गेला होता, लेकीकडे फोटो आहे.

हे मात्र धक्क्याकडं बघतच नव्हते. बंधाऱ्याला माशांसाठी वाट केलीय, छोट्या छोट्या टप्प्यांची, पाणी एका टप्प्यातून दुसऱ्यात हळू उतरतं आणि मासा उलटा वर चढू शकतो. ह्यांनी रेलिंगवरून वाकून वीस मिनिटं ते बघितलं. मग म्हणाले, "आम्ही बंधारे बांधले, गेट बसवली, पाणी किती, सिंचन किती, सगळं मोजलं. मासा वर कसा जाणार हे एकाही फाईलमध्ये मी वाचलं नाही." छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. मी काही बोलले नाही, नुसती शेजारी उभी राहिले.

वाम काय करते माहितीये का. ती इथं गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं राहते, लांब पराच्या जातीची मादी तर कित्येक दशकं, आणि मग एके वर्षी नदीनं खाली निघते, बंधारा ओलांडते, बंदरातून बाहेर, हजारो किलोमीटर उत्तरेला कोरल समुद्रात जाते, तिथं अंडी घालते आणि मरते. पिल्लं काचेसारखी पारदर्शक, प्रवाहाबरोबर परत या किनाऱ्याला येतात आणि नदी चढतात. आईबापाला कधी न बघितलेली पोरं ही नदी शोधत येतात. पॅरामॅटा नाव ठेवणाऱ्यांना हे विसावणं दिसत होतं.

येताना ट्रॅम घेतली, गुडघे बोलायला लागले होते. बसल्यावर हे म्हणाले सांगलीला गेल्यावर जुन्या सहकाऱ्यांना फोटो दाखवायचेत. माशाच्या वाटेचे चौदा फोटो काढलेत, माझा एक.

त्यानंतर

गुरुवारी जावयांची सुट्टी सुरू झाली आणि आम्ही टुरिस्ट झालो. ऑपेरा हाऊस छान आहे. पण निघायच्या दिवशी सकाळी सामान दारात असताना हे नातवाला घेऊन पार्कात जाऊन आलेच, डायरी त्याच्या हातात दिली, पेन्सिल दोरीनं बांधून.

आम्ही परत येऊन तीन आठवडे झाले. काल रात्री व्हिडिओ कॉल आला, तिकडं पाऊस होता, पोरगं रेनकोटमध्येच, केस ओले. डायरीत त्यानं आकडा उलटा काढलाय पण कळतो. "आबा, आज दुसरा पण गेला," म्हणाला. हे एकदम सरळ होऊन बसले आणि विचारलं, "रंग कसा होता पाण्याचा?"